गेको: नव्या घरात आल्यावर न खाणं

नवीन आणलेला गेको (पालीच्या जातकुळीतला पाळीव प्राणी) खातच नाही ही पाळणाऱ्यांची सगळ्यात कॉमन तक्रार, आणि बहुतेक वेळा तो आजार नसतो, जागा बदलल्याचा ताण किंवा टँकमधली थंडी असते. इथे मुख्यतः लेपर्ड गेकोबद्दल लिहिलंय, कारण जगभर सगळ्यात जास्त पाळला जाणारा गेको तोच. क्रेस्टेड आणि टोके या दुसऱ्या दोन गेकोंचं थोडक्यात शेवटी.

लेपर्ड गेकोचं शास्त्रीय नाव युब्लेफॅरिस मॅक्युलॅरियस. प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड ब्लाइथने १८५४ मध्ये त्याचं वर्णन केलं तेव्हा त्याला सिर्टोडॅक्टिलस वंशात टाकलं होतं, नमुने पंजाबातल्या सॉल्ट रेंजचे म्हणजे आजच्या पाकिस्तानातले. पुढे १९७०-८० च्या सुमारास ब्योर्नर या संशोधकाने बऱ्याच उपजाती पाडल्या, त्यातली पश्चिम भारतातली फुस्कस आता बहुतेक जण स्वतंत्र जात धरतात आणि ते जास्त पटण्यासारखं आहे. बाकीच्या उपजातींचं मात्र अजून एकमत नाही. २०१४ मध्ये सातपुड्यातून सातपुराएन्सिस आणि २०२२ मध्ये पूर्व घाटाच्या भागातून पिक्टस अशा दोन जातींची भर पडली. म्हणजे याचे भाऊबंद आपल्याकडेही आहेत, फक्त गावाकडे त्यांना विषारी समजून मारतात (विष अजिबात नसतं). ते पकडून आणून पाळायचा विचारही करू नये, तिथे वन्यजीव कायदा आडवा येतो.

हा इतिहास इथे सांगायचं कारण असं की मूळ प्रदेश कोरडा, खडकाळ आणि हिवाळ्यात चांगलाच गार, त्यामुळे रानातला लेपर्ड गेको थंडीत बिळात पडून राहतो आणि खाणं जवळपास बंद करतो. यावरून काही जण म्हणतात की पाळलेल्याचं हिवाळ्यातलं न खाणंही नैसर्गिकच समजावं. मोठ्या, गुबगुबीत शेपटीच्या, घरात रुळलेल्या प्राण्याबाबत हे चालेल, पण नुकत्याच आलेल्या पिल्लाबाबत आधी टँक गार आहे असंच धरून चालावं. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पाषाण, शिवाजीनगरला पारा १० अंशांच्या आसपास किंवा खाली जातो, घरात तेवढं नसलं तरी फरशीवर ठेवलेला काचेचा टँक रात्रभर गारच राहतो. गेकोला पचनासाठी बाहेरून ऊब लागते, गरम कोपऱ्याची जमीन ३१ ते ३३ अंश आणि दुसरं टोक २४ ते २६ च्या दरम्यान हवं. हीट मॅट (टँकखाली ठेवायची विजेवर तापणारी चटई) थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आवरणाऱ्या यंत्राशिवाय लावू नये, पोट भाजतं. गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाईट गेली तर दोन-चार तासांनी काही बिघडत नाही.

मग करायचं काय, तर पहिले पाच-सात दिवस काहीच नाही. गरम बाजूला एक, गार बाजूला एक आणि एक ओलसर अशा तीन लपायच्या जागा, पाणी, आणि हातात घेणं बंद, पाहुण्यांना दाखवणं तर बिलकुल नको. गणपतीआधी ढोल-ताशांचा सराव चालू असेल तर टँक रस्त्याकडच्या खोलीत ठेवू नये. खाणं दिवे मंद झाल्यावर द्यावं, हा संधिप्रकाशातला आणि रात्रीचा प्राणी आहे.

खाणं जिवंत किडेच. मीलवर्म अळ्या, रातकिडे किंवा दुबिया झुरळं (विकत आणलेली झुरळं घरात ठेवायला आईची परवानगी काढणं हा वेगळा विषय आहे). किडा गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा, आदल्या दिवशी त्याला गाजर वगैरे खायला घालून, कॅल्शियम पावडरमध्ये घोळवून द्यावा. आधी कुठे होता तिथे काय खायचा हे विचारून तेच सुरू ठेवावं, रोज नवा पदार्थ पुढे करणाऱ्यांचे गेको जास्त अडून बसतात. उरलेले रातकिडे रात्रभर आत सोडू नयेत, ते गेकोलाच चावतात. भिंतीवरचे किडे पकडून देऊ नयेत, पेस्ट कंट्रोलचा अंश असू शकतो. काजवे तर कधीच नाही: अमेरिकेतल्या फोटिनस वंशाच्या काजव्यांनी बिअर्डेड ड्रॅगन हे पाळीव सरडे मेल्याच्या नोंदी आहेत, सह्याद्रीत जूनच्या तोंडावर दिसणारे काजवे वेगळ्या वंशांतले, पण म्हणून प्रयोग कशाला.

मोठा, निरोगी गेको शेपटीतल्या चरबीवर काही आठवडे काढतो, पिल्लू आठवडा-दहा दिवसांच्या वर थांबलं तर काळजीचं. अंदाजावर जाऊ नये, ग्रॅममध्ये मोजणारा किचनचा काटा घ्यावा आणि आठवड्याला वजन लिहावं. दहा टक्क्यांच्या आसपास घट दिसली, उलटी किंवा पातळ शी झाली, तर सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरकडे न्यावं, सोबत ताजी शी न्यावी. तोंड उघडून जबरदस्ती भरवणं घरी करू नये, अन्न श्वासनलिकेत जातं, घाबरून शेपूट तुटते आणि साठाच जातो.

शेपटी काडीसारखी होत गेली तर क्रिप्टोस्पोरिडियमची शंकेची पाल चुकचुकायला हवी. हा परजीवी पावलासेकने १९९५ मध्ये घोरपडीच्या जातकुळीतल्या प्राण्यातून व्हॅरानाय नावाने वर्णन केला, कौडेला आणि मोड्री यांनी १९९८ मध्ये सॉरोफिलम असं नाव दिलं, दोन्ही एकच असं आता मानलं जातं आणि आधीचं म्हणून व्हॅरानाय हे नाव धरतात. जुन्या रिपोर्टवर दुसरं नाव दिसलं तर गोंधळू नये. निदान शीच्या पीसीआर चाचणीने, एक निगेटिव्ह आलं म्हणजे सुटलो असं नाही. खात्रीचा इलाज नाही, आणि ब्लीच किंवा फिनेलने पुसून तो जात नाही, म्हणून नवीन गेको जुन्यांपासून वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांसह ठेवावा.

न्यू कॅलेडोनियाचा क्रेस्टेड गेको (नामशेष समजला गेला होता, १९९४ मध्ये पुन्हा सापडला) पाण्यात कालवलेल्या तयार पावडरवर राहतो आणि त्याचं गणित उलटं आहे: त्याला २२ ते २६ अंश मानवतात, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये त्याने खाणं सोडलं तर खोलीतला उकाडा बघावा. टोके गेको २०१९ पासून साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे, आणि ईशान्य भारतातला रानटी टोके पकडणं किंवा विकणं हा गुन्हा आहे.