वंशाधारित नागरिकत्व (सोलापूरच्या संदर्भात)

वंशाधारित नागरिकत्व : आई, वडील, आजी, आजोबा किंवा त्यांच्याही मागचा पूर्वज एखाद्या देशाचा नागरिक होता, या आधारावर त्या देशाचे नागरिकत्व मागण्याचा हक्क. नागरिकत्वाची दोन मूळ तत्त्वे मानली जातात. एक जन्मभूमीचे, दुसरे रक्तसंबंधाचे. अमेरिकेने १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने पहिले तत्त्व संविधानात घातले, तर फ्रान्सच्या १८०४ च्या नागरी संहितेपासून युरोपात दुसरे रूढ झाले. आज बहुतेक देश दोन्ही तत्त्वे कमीजास्त प्रमाणात मिसळून वापरतात.

या हक्काचा अर्जदार बहुतेक वेळा नवीन काही मागत नसतो. आपल्या घराण्यात जे आधीच आहे ते नोंदवून घ्या, असे त्याचे म्हणणे असते. म्हणून इथे पैसा, शिक्षण किंवा वास्तव्याची वर्षे यांना फारसे महत्त्व नाही. कागद बोलतात. एका पिढीचा दुसरीशी संबंध सांगणारा एक दाखला गहाळ असला, तर खरा हक्कही मुका राहतो.

भारतीय कायदा आणि ‘दुसरे’ नागरिकत्व

सोलापुरात या विषयाची चौकशी करणाऱ्याला आधी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. भारतीय प्रौढ नागरिकाला दुसरे नागरिकत्व पहिल्याच्या जोडीला ठेवता येत नाही, ते पहिल्याच्या जागी येते. संविधानाचे कलम ९ आणि नागरिकत्व अधिनियम, १९५५ चे कलम ९ यांनुसार स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपते. परदेशी पासपोर्ट घेणे हा त्याचा पुरावा धरला जातो. त्यानंतर भारतीय पासपोर्ट जमा करून त्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. तो तसाच वापरत राहणे गुन्हा आहे. आजीच्या हक्काने मिळाले, आपण काही शपथ घेतली नाही, असे म्हणून सुटका होत नाही.

दोन नागरिकत्वे एकत्र नांदण्याची मोकळीक कायदा फक्त अज्ञान (अठरा वर्षांखालील) मुलांना देतो. वंशाने भारतीय असलेले मूल दुसऱ्या देशाचेही नागरिक असेल, तर सज्ञान झाल्यावर सहा महिन्यांच्या आत त्याने ते दुसरे नागरिकत्व सोडायचे असते, नाहीतर भारतीयत्व जाते. आईवडिलांपैकी एकाने भारतीय नागरिकत्वाचा त्याग जाहीर केला, तर अज्ञान मुलाचेही जाते. मात्र सज्ञान झाल्यावर एका वर्षाच्या आत ते परत मागण्याचा हक्क त्या मुलाला असतो. ही मुदत फार थोड्या घरांना माहीत असते. मुलाच्या अठराव्या वाढदिवसाआधीच ती कोणीतरी लिहून ठेवावी.

भारताचा स्वतःचा कायदाही वंशाला मान देतो. परदेशात जन्मलेल्या मुलाला २६ जानेवारी १९५० पासून ९ डिसेंबर १९९२ पर्यंत केवळ वडिलांकडून भारतीय नागरिकत्व मिळत असे. १० डिसेंबर १९९२ पासून आईकडूनही मिळू लागले. ३ डिसेंबर २००४ पासून मात्र जन्माची नोंद एका वर्षात भारतीय वकिलातीत करणे आवश्यक ठरले.

याहून मनात घर करणारे आहे ते संविधानाचे कलम ८. आईवडिलांपैकी किंवा आजीआजोबांपैकी कोणीही अविभक्त भारतात जन्मलेले असेल, तर परदेशी राहणाऱ्या वंशजाला भारतीय प्रतिनिधीकडे नोंदणी करून नागरिक होता येईल, असे ते सांगते. सोलापूरकराला हे कलम वाचताना डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवल्यावाचून राहत नाहीत. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेले कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. तिथेच त्यांनी चिनी परिचारिका कुओ छिंगलान यांच्याशी लग्न केले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी जन्मलेल्या त्यांच्या मुलाचे नाव यिनह्वा, म्हणजे भारत आणि चीन. वडील गेले तेव्हा ‘भारतीय नागरिक’ ही कायदेशीर संज्ञाच जन्माला आली नव्हती. तरीही पुढे आलेल्या कलम ८ च्या शब्दांत सोलापुरात जन्मलेल्या बापाचा, चीनमध्ये वाढणारा मुलगा नेमका बसत होता. वंशाधारित नागरिकत्व म्हणजे काय, हे समजावून सांगायला यापेक्षा जवळचे उदाहरण नाही.

कोणत्या देशांचे दार उघडते

महाराष्ट्रात सर्वांत जास्त चर्चा पोर्तुगालची होते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीव येथे जन्मलेल्या व्यक्तीला पोर्तुगाल आपला नागरिक मानतो आणि तिच्या मुलांना, नातवंडांना त्या धाग्याने हक्क सांगता येतो. धर्माची अट नाही. त्यामुळे गोव्याची लेक सून होऊन सोलापुरात आली असेल, तर तो धागा तिच्या नातवंडांपर्यंत पोचतो. पद्धत पायरीपायरीची आहे. आधी आजीची जन्मनोंद लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात उतरवून घ्यायची, तिचे लग्न नोंदवायचे, मग आईची नोंद, मग नातवाची. यातली अडचण अशी की मधल्या पायरीवरची जिवंत आई सोलापुरातल्या मतदार यादीत असते आणि लिस्बनमध्ये नोंद झाल्याने तिचेही भारतीय नागरिकत्व प्रश्नात येते. नातवाच्या अर्जावर आईची सही घेताना हे तिला कोणी सांगितलेले नसते. ही फसवणूक नसली तरी अन्याय नक्कीच आहे.

आयर्लंडमध्ये आजी किंवा आजोबा जन्मलेले असतील, तर परदेशी जन्मांच्या नोंदवहीत नाव घालून नागरिक होता येते. हे नागरिकत्व नोंदीच्या दिवसापासून धरतात. त्यामुळे नोंद झाल्यानंतर जन्मलेल्या मुलाला हक्क पोचतो, आधी जन्मलेल्याला नाही. इटलीने १८६१ च्या एकीकरणानंतरच्या पूर्वजापासून पिढ्यांची मर्यादा न घालता हक्क दिला होता. मार्च २०२५ च्या अध्यादेशाने तो सर्वसाधारणपणे आईवडील आणि आजीआजोबा यांच्यापुरता आवळला गेला. ब्रिटन वंशाने साधारणतः एकच पिढी नागरिकत्व देतो, पण आजीआजोबांपैकी कोणी ब्रिटनमध्ये जन्मलेले असल्यास राष्ट्रकुलातील नागरिकाला पाच वर्षांचा वंशाधारित व्हिसा मिळू शकतो. व्हिसा घेतल्याने भारतीय नागरिकत्व जात नाही, हे इथे महत्त्वाचे.

इस्रायलचा १९५० चा परतीचा कायदा, म्हणजे ज्यूंना तिथे येऊन स्थायिक होऊ देणारा कायदा, थोडा निराळा आहे. १९७० च्या दुरुस्तीने तो ज्यूंच्या मुलांना व नातवंडांनाही लागू झाला. कोकणातून निघालेल्या मराठीभाषक बेने इस्रायल समाजाची मोठी वस्ती याच कायद्याने तिकडे गेली. त्यांचे ज्यूपण पूर्ण आहे की नाही असा वाद तिथे उभा राहिला होता. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने त्यांच्या बाजूने कौल दिला. पेणकर, रोहेकर अशी गावावरून आलेली आडनावे त्यांनी तिकडेही टिकवली.

सोलापुरातले कागद

इतर देशांचे नियम त्यांच्या पुस्तकांत आहेत. पुरावा मात्र इथल्याच दप्तरांत शोधावा लागतो, आणि या कामाचा सराव सोलापूरकराला आधीपासून आहे. जात पडताळणीसाठी वंशावळ काढणे, आजोबांचा शाळेचा निर्गम उतारा मिळवणे, गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकातली नोंद शोधणे, मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घेणे, हे घरोघरी झालेले आहे. परकीय नागरिकत्वासाठी हीच कामे करायची असतात. फरक एवढाच की जातीच्या दाखल्यात साखळी बापाकडून बापाकडे जाते, तर इथे ती अनेकदा आईकडून, आजीकडून जाते. आपली दप्तरे नेमकी तिथे अपुरी पडतात.

आजीचे नाव लग्नात बदललेले असते. आडनावच नव्हे, तांदळात लिहिलेले नवे पहिले नावही तिला चिकटलेले असते. जन्माच्या नोंदीत माहेरचे नाव, मतदार यादीत सासरचे, आणि लग्नाची नोंदणी झालेलीच नसते, कारण त्या काळी ती कोणी करत नसे. एकाच बाईची ही दोन नावे जोडणारा सरकारी कागद अस्तित्वातच नसतो. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचे नाव बंधनकारक केले आहे. पुढच्या पिढ्यांना त्याचा उपयोग होईल, पण आजीसाठी तो निर्णय फार उशिरा आला.

दुसरी अडचण बाळंतपणाची. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत. सोलापूर तीन भाषांच्या सीमेवर असल्याने सोलापूरकराची जन्मनोंद विजयपूरच्या कन्नड वहीत, जुन्या निजामी मुलखातील तुळजापूरच्या उर्दू दप्तरात किंवा तेलंगणातल्या एखाद्या गावी सापडते. सापडली तरी तीत बाळाचे नाव नसते. बारसे व्हायच्या आत कोतवालाने ‘अमक्यास मुलगा’ एवढेच लिहिलेले असते. नाव नंतर नोंदवण्याची तरतूद आहे, पण त्या खटपटीत कोणी पडलेले नसते.

शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली (मूळच्या तेलुगूभाषक विणकर) घरांत आणखी एक गाठ असते. तेलुगू रीतीत घराण्याचे नाव आधी आणि माणसाचे नंतर येते. गिरणीच्या हजेरीपटावर एक क्रम, मराठी शाळेत दुसरा, आणि इंग्रजीत प्रत्येक भावाचे वेगळे स्पेलिंग. शिवाय १ जून. मास्तरांनी शाळेत घालताना लावलेली ही जन्मतारीख जिल्ह्यातल्या असंख्य दाखल्यांवर आहे. परदेशी अधिकाऱ्याला तीनही भावंडांचा जन्म १ जूनचा दिसला की त्याला शंका येणे स्वाभाविक आहे.

‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असे प्रतिज्ञापत्र करून देणे हा आपल्याकडचा सरधोपट उपाय. तो जोडपुरावा म्हणून चालतो, मूळ नोंदीची जागा घेत नाही. शक्य तिथे मूळ नोंदच दुरुस्त करून घ्यावी. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ खाली वर्ष उलटून गेलेला जन्म दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने नोंदवता येतो. त्याआधी संबंधित कार्यालयाकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. १९६४ मध्ये सोलापूरची महानगरपालिका झाली. त्याआधीच्या शहरातील जन्मांसाठी नगरपालिकेच्या काळातील वह्या पाहाव्या लागतात. दत्तक गेलेल्या पूर्वजाच्या बाबतीत दत्तकपत्र नोंदणीकृत आहे का, हे आधी बघावे. पुष्कळ देश दत्तकाला रक्ताच्या नात्याहून वेगळा नियम लावतात.

धागाच सापडत नसेल तेव्हा हेळवी उपयोगी पडतात. सीमाभागात बैलावर बसून कुळांच्या वंशावळी सांगत फिरणारा हा समाज पिढ्यान्‌पिढ्यांची नावे चोपड्यांत राखून आहे. त्यांची वही कोणत्याही वकिलातीत पुरावा ठरत नाही. पण मूळ गाव कोणते, थोरली शाखा कुठे गेली हे तिच्यातून कळते आणि मग योग्य तहसीलचे दप्तर उघडता येते. हे ज्ञान जपणारी माणसे कमी होत आहेत. त्यांच्याकडची नावे आजच उतरवून घ्यायला हवीत.

कागद जमल्यावर मंत्रालयातील साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का, म्हणजे कागद खरा असल्याची परदेशात चालणारी खूण. ही खूण मानणाऱ्या देशांच्या करारात भारत २००५ पासून आहे. भाषांतर कोणाकडून चालेल हे ज्या त्या वकिलातीला विचारावे. सोलापुरात एकही वकिलात नसल्याने रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघून सकाळी मुंबई गाठायची, हे ठरलेले. विकत घेतलेली खोटी जन्मनोंद उघडकीस आली, तर मिळालेले नागरिकत्व रद्द होऊ शकते आणि भारतीय तर आधीच गेलेले असते. अशा माणसाला कुठलाच देश उरत नाही.

उलट दिशेचा हक्क

सोलापुरातून परदेशी गेलेल्यांची मुलेनातवंडे हा धागा उलटा धरतात. परकीय नागरिक असलेल्या, पण आईवडील, आजीआजोबा किंवा पणजीपणजोबा भारताचे नागरिक असलेल्या व्यक्तीला ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड मिळू शकते. पहिली कार्डे जानेवारी २००६ मध्ये दिली गेली. पाकिस्तान किंवा बांगलादेशाचे नागरिकत्व कधीही असलेल्यांना, तसेच त्यांच्या मुलांना, नातवंडांना व पतवंडांना ते मिळत नाही. मॉरिशससाठी २०२४ मध्ये सातव्या पिढीपर्यंत ही सोय वाढवण्याचे जाहीर झाले. करारबद्ध मजूर म्हणून कोकण आणि देशावरून तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांच्या वंशजांना त्याचा लाभ होतो. नावात ‘सिटिझन’ असले तरी हे नागरिकत्व नव्हे. कार्डधारकाला मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. पूर्ण नागरिकत्व हवे असल्यास पाच वर्षांची कार्डनोंदणी आणि अर्जाआधी बारा महिने भारतात वास्तव्य, अशा अटींवर नागरिकत्व अधिनियमाच्या कलम ५ खाली अर्ज करता येतो.

शेतजमीन वारसाने मात्र येऊ शकते. सांगोल्यातली डाळिंबाची बाग किंवा पंढरपूरकडचा ऊस परदेशी नागरिक झालेल्या मुलाच्या नावे लागू शकतो. पुढे तो विकायचा झाला, तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावा लागतो. जमीन नावे लागण्यासाठी गाव नमुना ६-क मध्ये वारस नोंद करून फेरफार मंजूर करून घ्यावा लागतो, आणि त्या अर्जालाही मृत्यूचा दाखला आणि वंशावळ जोडावीच लागते.