जुन्या कोडचे कंपायलर-स्थलांतर

जुन्या कोडचे कंपायलर-स्थलांतर म्हणजे एका कंपायलरवर (लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रॅमवर) वर्षानुवर्षे चालत आलेला कोड त्याच भाषेच्या दुसऱ्या कंपायलरवर, किंवा त्याच कंपायलरच्या बऱ्याच नव्या आवृत्तीवर नेणे. भाषा तीच असते, पुष्कळदा यंत्रही तेच आणि कंपायलरला द्यायच्या पर्यायांची नावेही तीच. तरीही कोड कंपाइल होत नाही, किंवा बिनतक्रार होतो आणि वेगळे उत्तर देतो. त्रास पहिल्या प्रकारचा जास्त दिसतो, नुकसान दुसऱ्याचे जास्त होते.

याचे मूळ भाषेच्या प्रमाणकातच आहे. सी भाषेचे प्रमाणक काही गोष्टी कंपायलरवर सोपवते (उदा. 'कॅर' हा एका बाइटचा अक्षर-प्रकार ऋण संख्या धरतो की नाही), काहींचा क्रम मोकळा ठेवते आणि काहींबाबत कसलीच हमी देत नाही. जुना कोड या तिन्ही ठिकाणी एकाच कंपायलरच्या सवयींवर विसंबलेला असतो. त्या सवयी कुठे लिहून ठेवलेल्या नसतात. म्हणूनच जवळच्या नात्यातले कंपायलर अधिक फसवतात: जीसीसी आणि क्लँग या दोन प्रचलित सी कंपायलरांत इतके साम्य आहे की उरलेला फरक शोधायचे कोणाला सुचत नाही.

कंपाइल होताना दिसणारे दोष

यांतले बरेचसे कंपायलरने आपले गृहीत पर्याय बदलल्यामुळे येतात. जीसीसी ५ ने (२०१५) सीची गृहीत आवृत्ती १९८९ च्या धाटणीवरून २०११ च्या धाटणीवर नेली. त्याबरोबर 'इनलाइन'चा (फंक्शनचा कोड हाकेच्या जागीच बसवावा असे सुचवणाऱ्या शब्दाचा) अर्थ बदलला आणि नुसते 'इनलाइन' लिहिलेली फंक्शने लिंकरला (कंपाइल झालेल्या फाइली जोडून प्रोग्रॅम बनवणाऱ्याला) सापडेनाशी झाली. तिथे 'स्टॅटिक इनलाइन' लिहिले की काम भागते.

जीसीसी १० आणि क्लँग ११ (दोन्ही २०२०) यांनी 'नो-कॉमन' हे वागणे गृहीत धरले. हेडरमध्ये (अनेक सी फाइलींत घ्यायच्या घोषणांच्या फाइलमध्ये) 'एक्स्टर्न', म्हणजे 'व्याख्या दुसरीकडे आहे', असे न लिहिता ग्लोबल व्हेरिएबल ठेवले, तर ते हेडर घेणाऱ्या प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलमध्ये (सी फाइल कंपाइल होऊन बनलेल्या फाइलमध्ये) त्याची व्याख्या उमटते. पूर्वी लिंकर त्या सगळ्या मुकाट्याने एकत्र करी. आता 'एकाहून अधिक व्याख्या' म्हणून थांबतो. 'कॉमन' पर्याय देऊन जुने वागणे परत आणता येते, पण खरी दुरुस्ती सोपी आहे: हेडरमध्ये 'एक्स्टर्न' लिहावे आणि व्याख्या एकाच सी फाइलमध्ये ठेवावी.

क्लँग १६ (२०२३) आणि जीसीसी १४ (२०२४) यांनी घोषणेविना फंक्शन वापरणे ही चूक ठरवली. हा बदल उपकारक आहे. घोषणा नसली की जुना कंपायलर फंक्शन 'इंट' परत देते असे धरून चाले. ते प्रत्यक्षात पॉइंटर देत असेल, तर ६४ बिटांच्या यंत्रावर पत्त्याचे वरचे ३२ बिट गळून पडत. पत्ता लहान असेपर्यंत सगळे ठीक चाले आणि मेमरीचा वापर वाढला की प्रोग्रॅम कोसळे. अशा ठिकाणी इशारा बंद करणारा पर्याय कधीही देऊ नये, योग्य हेडर जोडावे.

प्रमाणकाबाहेरच्या, कंपायलरने स्वतः जोडलेल्या विस्तारांमुळेही अडते. फंक्शनच्या आत फंक्शन लिहिण्याची जीसीसीची सोय सीमध्ये क्लँग देत नाही. ते फंक्शन बाहेर काढून त्याला लागणारी व्हेरिएबल्स आर्ग्युमेंट म्हणून द्यावी लागतात.

न दिसणारे दोष

'कॅर'चे उदाहरण जुने आहे, पण अजूनही भेटते. फाइल अक्षर-अक्षर वाचताना 'गेटकॅर'चे उत्तर 'कॅर'मध्ये साठवले आणि ते फाइल संपल्याच्या खुणेशी, म्हणजे उणे १ शी, ताडून पाहिले असे समजा. लिनक्सवर एक्स८६ यंत्रासाठी 'कॅर' ऋण मूल्य धरतो, म्हणून लूप थांबतो. मात्र मजकुरात २५५ मूल्याचा बाइट आला तर अर्ध्यावरच थांबतो. लिनक्सवरच एआरएमसाठी 'कॅर' ऋण नसतो. तिथे उणे १ चे २५५ होतात, तुलना कधीच जुळत नाही आणि लूप अखंड फिरत राहतो. कोड तोच, दोन्हीकडे चुकीचा. फक्त एकीकडे चूक झाकलेली. उपाय: ते व्हेरिएबल 'इंट' करावे. 'साइन्ड-कॅर' पर्याय देऊन हा लूप थांबेल, पण २५५ ची चूक तशीच राहील.

स्ट्रक्चरची मांडणी हे दुसरे मोठे कारण. चार बिटांचे 'अनसाइन्ड कॅर' बिट-फील्ड (मोजक्या बिटांचे फील्ड) आणि त्यापुढे चार बिटांचे 'अनसाइन्ड इंट' बिट-फील्ड घ्या. लिनक्सवर जीसीसी दोन्ही एकाच बाइटमध्ये बसवतो आणि स्ट्रक्चर ४ बाइटचे होते. मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल सी++ प्रकार बदलला की नवे घर उघडतो, म्हणून ८ बाइट. एकाने लिहिलेली बायनरी फाइल दुसऱ्याने वाचली, तर पहिल्या नोंदीचे पहिले फील्ड बरोबर येते आणि तिथून पुढे सगळे घसरते. 'लाँग' ६४ बिटांच्या लिनक्सवर ८ बाइटचा, तर विंडोजवर ४ बाइटचा असतो. 'लाँग डबल' अनुक्रमे १६ आणि ८ बाइट. फाइलमध्ये किंवा नेटवर्कवर जाणाऱ्या प्रत्येक स्ट्रक्चरचा आकार 'स्टॅटिक असर्ट'ने (कंपाइल होतानाच अट तपासणाऱ्या विधानाने) तपासावा, आणि जमेल तिथे अख्खे स्ट्रक्चर न लिहिता एकेक फील्ड ठरलेल्या रुंदीने लिहावे.

ऑप्टिमायझेशनची, म्हणजे कोड वेगवान करण्यासाठी कंपायलर करतो त्या फेरफारांची, गोष्ट वेगळी. 'क्ष + १ हे क्षपेक्षा लहान आहे का' अशी ओव्हरफ्लोची तपासणी जुन्या कोडमध्ये सर्रास असते. चिन्हयुक्त पूर्णांकाचा ओव्हरफ्लो होतच नाही असे मानायची मुभा कंपायलरला आहे, म्हणून जीसीसी आणि क्लँग ही तपासणी काढून टाकू शकतात. बेरीज करण्याआधीच कमाल मूल्याशी तुलना करावी. तसेच 'फ्लोट'चे बिट 'इंट'च्या पॉइंटरमधून वाचणे: व्हिज्युअल सी++ वर हे निभावते, जीसीसीच्या 'ओ२' या ऑप्टिमायझेशन-पातळीवर बिघडू शकते. तिथे बाइट जसेच्या तसे उतरवणारे 'मेमकॉपी' वापरावे. फंक्शनच्या आर्ग्युमेंटांत दोन वाचन-क्रिया असतील तर एक्स८६ वर जीसीसी बहुधा उजवीकडून आणि क्लँग डावीकडून सुरू करतो. दोन आकडे अदलाबदल झालेले दिसले तर आधी इथे पाहावे.

अपूर्णांकांत शेवटचे अंक बदलतात. ३२ बिटांच्या एक्स८६ वरचा जुना कोड ८० बिटांच्या रजिस्टरांत गणित करी, ६४ बिटांचा कोड एसएसई२ या नव्या सूचना-संचात करतो. शिवाय जीसीसी गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत जोडू शकतो. 'कॉन्ट्रॅक्ट ऑफ' दिले की हा जोड थांबतो.

सी++ मध्ये स्रोत सुसंगत असूनही ऑब्जेक्ट फाइली जुळत नाहीत. जीसीसी ५ मध्ये प्रमाण लायब्ररीच्या स्ट्रिंग आणि लिस्टची मांडणी बदलली. लिंकरच्या तक्रारीत नावांमध्ये 'सीएक्सएक्स११' दिसले तर कारण हेच.

फोरट्रान आणि पास्कल यांतही अशीच अडचणीची स्थाने आहेत. अनेक जुने फोरट्रान कंपायलर स्थानिक व्हेरिएबल्सची मूल्ये दोन हाकांमध्ये टिकवत. 'सेव्ह' न लिहिलेला असा कोड नव्यावर कचरा वाचतो. थेट-प्रवेश फाइलच्या नोंदीची लांबी इंटेलचा कंपायलर पर्याय न दिल्यास ४ बाइटच्या एककात मोजतो, जीफोरट्रान बाइटमध्ये. फ्री पास्कलच्या मूळ मोडमध्ये 'इंटिजर' १६ बिटांचा, डेल्फी मोडमध्ये ३२ बिटांचा असतो.

कामाचा क्रम

आधी जुना कंपायलर चालत्या स्थितीत जपून ठेवावा, आभासी यंत्रात का होईना. त्याचे सर्व पर्याय नोंदवावेत आणि ठरावीक इनपुटांची उत्तरे साठवावीत. इशाऱ्यांवरून करायच्या दुरुस्त्या शक्य तितक्या जुन्याच कंपायलरवर कराव्यात, कारण तिथे बरोबर उत्तर माहीत असते. मग फक्त कंपायलर बदलावा: भाषेची आवृत्ती जुनीच बांधून घ्यावी आणि ऑप्टिमायझेशन बंद ठेवावे. उत्तरे जुळली की अॅड्रेस आणि अनडिफाइन्ड हे दोन सॅनिटायझर (मेमरीच्या आणि हमी नसलेल्या वागण्याच्या चुका प्रोग्रॅम चालताना पकडणाऱ्या सोयी) लावून सगळ्या चाचण्या चालवाव्यात. त्यानंतरच 'ओ२'. तिथेच बिघडले तर 'रॅपव्ही' (ओव्हरफ्लो झाल्यास आकडा फिरून येतो असे धरणारा) आणि 'नो-स्ट्रिक्ट-अलायझिंग' (वेगळ्या प्रकारच्या पॉइंटरमधून वाचणे चालवून घेणारा) हे पर्याय एकेक करून द्यावेत. ज्याने उत्तर सुधारते, तो दोषाचा प्रकार सांगतो.

दोषी फाइल शोधायला निम्म्या ऑब्जेक्ट फाइली जुन्या आणि निम्म्या नव्या कंपायलरच्या घेऊन लिंक करावे. दोष ज्या निम्म्यात राहील तिची पुन्हा विभागणी करावी. १,००० फाइलींत साधारण १० फेऱ्यांत एक फाइल हाती लागते. दोन्ही कंपायलरांचे बायनरी संकेत (ऑब्जेक्ट फाइलींची मांडणी आणि फंक्शनच्या हाकांचे नियम) एकच असतील तरच हे जमते. व्हिज्युअल सी++ आणि लिनक्सचा जीसीसी यांच्या फाइली एकत्र लिंक होत नाहीत. तिथे दोन्ही बिल्डमध्ये ठरावीक टप्प्यांवर मधली मूल्ये छापून घ्यावी लागतात आणि दोन्ही नोंदी पहिल्यांदा जिथे वेगळ्या होतात ती ओळ शोधावी लागते.