वन्य रवंथी प्राण्यांची वार आणि तिची हॉर्मोन्स

रवंथ करणाऱ्या जंगली प्राण्यांच्या, म्हणजे चितळ, सांबर, भेकर, काळवीट, चौशिंगा, नीलगाय, गवा, जिराफ वगैरे मंडळींच्या गर्भाशयात आई आणि पिल्लू यांना जोडणारा जो अवयव तयार होतो ती वार. गोठ्यात तिलाच जार म्हणतात. माणसात ती एकच गोल थाळीसारखी असते, यांच्यात तसं नाही.

मुंबईकरांना यासाठी लांब जायची गरज नाही. आरे कॉलनीत तबेल्यातल्या म्हशी आणि त्याला लागून असलेल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कात चितळ, सांबर आणि झाडोऱ्यात लपून बसणारी, हरणासारखी दिसणारी पण सशाएवढी पिसोरी, एवढ्याश्या पट्ट्यात वारेचे पुढे सांगितलेले तिन्ही नमुने सापडतात.

गाय, म्हैस, बकरी, काळवीट, नीलगाय हे सगळे गाईच्या कुळातले. यांच्या गर्भाशयाच्या आतल्या अस्तरावर जन्मापासूनच मांसल उंचवटे असतात, गर्भ राहिला की पिल्लाच्या बाजूचे केसाळ गुच्छ बरोब्बर त्यांच्यावर येऊन बसतात आणि टिचबटणासारखी जोडी जमते, आईच्या बाजूचा अर्धा भाग आणि पिल्लाच्या बाजूचा अर्धा. अशी बटणं गाईच्या कुळात साधारण २० पासून शंभराच्या पुढेपर्यंत. गाईत उंचवटा बाहेर फुगलेला असतो आणि पिल्लाचा गुच्छ त्याला वरून कवटाळतो, शेळीमेंढीत उलट, उंचवट्यालाच वाटीसारखा खळगा. हरणांच्या कुळात, म्हणजे चितळ-सांबरात, बटणं मोजकीच, बहुतेक वेळा दहाच्या आतबाहेर, पण एकेक चांगलं मोठं. पिसोरीच्या कुळात बटणं नाहीतच, सगळ्या अस्तरभर वार पसरलेली. ही रवंथी प्राण्यांमधली सगळ्यात जुनी शाखा, त्यामुळे बटणं नंतर आली असावीत असं मानतात.

आता खरी मजा पेशींमध्ये आहे, आणि या विषयात बटणं मोजण्यापेक्षा इथेच जास्त वेळ घालवावा असं माझं मत. वारेच्या पिल्लाकडच्या थरात दोन केंद्रकं असलेल्या मोठ्या पेशी असतात, थरातल्या पेशींपैकी साधारण १५ ते २० टक्के. या पेशी जागच्या जागी बसत नाहीत, सरकत सरकत आईच्या अस्तरापर्यंत जातात, तिथल्या एका पेशीत मिसळतात आणि आपल्या पोटातल्या दाण्यांमधला माल आईच्या बाजूला सोडतात. गाईत आणि हरणांत यातून तीन केंद्रकांची थोडा वेळच टिकणारी पेशी होते, शेळीमेंढीत बऱ्याच पेशी मिळून एक सलग थर बनतो. पिसोरीच्या मलेशियाकडच्या नातेवाईकांत बटण एकही नाही, पण दोन केंद्रकांच्या पेशी मात्र आहेत. म्हणजे बाकी सगळं बदललं तरी हा पोस्टमन सगळ्यांकडे तोच.

तो माल काय असतो? एक म्हणजे प्लॅसेंटल लॅक्टोजेन, जे आईच्या कासेची वाढ आणि शरीरातलं अन्न कुठे वळवायचं यावर काम करतं. दुसरं म्हणजे गाभणपणाशी जोडलेली ग्लायकोप्रोटीन्स, ज्यांना पॅग म्हणतात. ही आईच्या रक्तात उतरतात म्हणून गाय गाभण आहे का याची टेस्ट त्यावर करता येते, अमेरिकेतले बायसन आणि हरणांसाठीही ती वापरली गेलीये.

त्याच्याही आधी एक निरोप जावा लागतो. गर्भ अजून चिकटलेलाही नसतो तेव्हाच तो इंटरफेरॉन टाऊ नावाचं प्रोटीन सोडतो (ते इंटरफेरॉन, म्हणजे विषाणूंशी लढणाऱ्या प्रोटीन्सपैकी, आहे हे १९८७ साली कळलं, आणि ते रवंथी प्राण्यांखेरीज कुणाकडे नाही), त्यामुळे गर्भाशयातून प्रोस्टाग्लॅन्डिन हे रसायन सुटून बीजकोशातलं पीतपिंड (प्रोजेस्टेरॉन बनवणारी गाठ) मोडणं थांबतं आणि गाभणपण टिकवणारं हे प्रोजेस्टेरॉन चालू राहतं. नंतर हे प्रोजेस्टेरॉन कोण पुरवणार यात प्रत्येकाचं वेगळं, मेंढीत साधारण पन्नासाव्या दिवसानंतर वारच ते काम उचलते, शेळी मात्र शेवटपर्यंत पीतपिंडाच्याच भरवशावर. युरोपातल्या रो हरणाचं तर आणखी वेगळं, जुलै-ऑगस्टमध्ये मीलन होतं आणि गर्भ डिसेंबर-जानेवारीपर्यंत जवळपास वाढ थांबवून तसाच पडून राहतो, आणि तिथे मादी गाभण नसली तरी पीतपिंड टिकतं, त्यामुळे नुसतं प्रोजेस्टेरॉन मोजून काही कळत नाही.

प्रसूतीची वेळ आईपेक्षा पिल्लू ठरवतं, निदान मेंढीत हे पक्कं दाखवलंय. पिल्लाच्या शरीरात कॉर्टिसोल हे ताणाचं हॉर्मोन वाढलं की वारेतली एन्झाइम्स प्रोजेस्टेरॉनचं इस्ट्रोजेनकडे रूपांतर करायला लागतात, मग प्रोस्टाग्लॅन्डिन आणि कळा.

अशा वारेत आईच्या अस्तराचा थर शाबूत राहतो, म्हणून आईच्या अँटीबॉडीज पिल्लाकडे जातच नाहीत. पाडस जन्मतं ते संरक्षणाविना, आणि पहिल्या काही तासांतला चीक हाच त्याचा आधार. आपण ज्याचा खरवस करून खातो ना, तोच. जन्मल्यावर पाडस लगेच आईमागे फिरतही नाही, गवतात गप्प पडून असतं, आणि मादी वार खाऊन टाकते. नॅशनल पार्कात रात्री बिबट्या वासावर फिरत असताना रक्ताळलेली वार पडून राहणं परवडणारं नाही. गोठ्यात मात्र वार बारा-चोवीस तासांत पडली नाही तर डॉक्टर बोलवावा लागतो.

जंगली मादीचं रक्त घेणं सोपं नाही, पकडताना झालेल्या ताणानेच हरणं दगावतात. म्हणून आता लेंड्या गोळा करून त्यातले प्रोजेस्टेरॉनचे उरलेले अंश मोजतात. हैदराबादच्या लॅकोन्स या संस्थेत धोक्यातल्या प्राण्यांच्या प्रजननावर काम चालतं, त्यात पिसोरीही आहे. एकदा मोजलेली लेंडी पुरत नाही, त्याच मादीच्या आठवड्याआठवड्याच्या लेंड्या लागतात आणि ताज्या असतानाच गोठवाव्या लागतात, पावसाळ्यात भिजलेल्या तर बहुतेक वेळा कामाच्याच नसतात.