उधाणाचे पाणी आणि हिवतापाचा डास

किनाऱ्यालगतच्या वस्तीत हिवतापाचा रुग्ण सापडला की तपासाला आलेला माणूस सर्वप्रथम त्याच्या प्रवासाची चौकशी करतो. परजीवी त्याने बाहेरून आणला, की इथल्याच डासाने तो त्याच्या अंगात सोडला? पहिल्या शक्यतेत योग्य उपचार वेळेवर झाले तर विषय तिथेच मिटू शकतो. दुसऱ्या शक्यतेचा अर्थ मात्र असा, की वस्तीच्या आसपास परजीवीचे अख्खे जीवनचक्र चालू आहे. बाहेरून आलेल्या एका रुग्णापासून असा स्थानिक प्रसार सुरू होईल की नाही, हे डास किती आहेत यावर ठरते तितकेच, किंबहुना अधिक, ते कोणत्या जातीचे आहेत यावर ठरते.

जगात डासांच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती आहेत. माणसाचा हिवताप पसरवणाऱ्या साऱ्या जाती ॲनोफिलीस या एकाच प्रजातीतल्या, आणि तिच्यातल्या चारशेहून अधिक जातींपैकीही महत्त्वाच्या वाहक म्हणता येतील अशा तीस-चाळीसच. चावते फक्त मादी. रुग्णाच्या रक्तातून तिच्या पोटात गेलेला परजीवी तिच्या लाळग्रंथींपर्यंत पोहोचायला उष्ण हवेत साधारण १० ते १४ दिवस घेतो आणि तोवर ती जगली तरच तिचा पुढचा दंश धोक्याचा असतो. एखाद्या जातीच्या १०० माद्यांपैकी रोज ९० वाचत असतील, तर १२ दिवसांनंतर सुमारे २८ उरतात. रोज ८० वाचत असतील, तर जेमतेम ७. शिवाय मादीने या काळात दोनदा माणसालाच चावायला हवे, एकदा परजीवी घेण्यासाठी आणि एकदा देण्यासाठी. गुरांचे रक्त पसंत करणारी जात हजारोंच्या संख्येने घोंघावत असली तरी त्यामुळेच बऱ्याचदा निरुपद्रवी ठरते.

किनाऱ्यावर या हिशेबात मिठाची भर पडते. बहुतेक ॲनोफिलीस जातींच्या अळ्यांना गोडे पाणी लागते. खाऱ्या पाण्यात त्यांच्या शरीरातले क्षारांचे संतुलन बिघडते आणि त्या मरतात. काही मोजक्या जातींच्या अळ्या मात्र गुदाशयातील खास पेशींच्या मदतीने जादा क्षार बाहेर टाकू शकतात. त्यामुळे जिथे इतरांची अंडी वाया जातात, त्या मचूळ पाण्यात या जातींना फारसे स्पर्धक उरत नाहीत. दक्षिण आणि आग्नेय आशियाच्या किनाऱ्यांवर ॲनोफिलीस सुंडाइकस, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ॲनोफिलीस मेरस आणि पश्चिमेकडे ॲनोफिलीस मेलास या अशाच जाती.

खारफुटी म्हटली की डास, असे समीकरण आपण सहज मांडतो, आणि ते फसवे आहे. ज्या चिखलात दिवसातून दोनदा भरतीचे पाणी येऊन जाते तिथे अळीला थारा मिळत नाही. प्रवाह तिला वाहून नेतो, लहान मासे तिला खातात. डासाच्या कामाचे खळगे असतात ते थोडे वर, जिथे अष्टमीच्या सुमाराची कमी उंचीची, म्हणजे भांगाची, भरती पोहोचतच नाही, फक्त अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराचे उधाण पोहोचते. उधाण ओसरल्यावर मागे उरलेले पाणी पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे जवळजवळ पंधरा दिवस, तसेच साचून राहू शकते. उबदार पाण्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. सुंडाइकसला तर ऊन लागणारे, शेवाळ तरंगणारे पाणी विशेष आवडते; म्हणूनच खारफुटी तोडून सावली घालवली, किंवा बांध घालून भरतीची ये-जा अडवली आणि आत पाणी साचू दिले, की या डासाची सोय होते. डासांच्या भीतीने खारफुटी छाटायला निघालेल्यांनी हे ध्यानात घेतलेले बरे.

अशा खळग्यातले पाणी पांढऱ्या पळीने उचलून पाहिले तर ॲनोफिलीसची अळी चटकन ओळखू येते. क्युलेक्स या डासांच्या दुसऱ्या प्रजातीच्या अळीसारखी ती श्वासनळी वर करून उलटी लटकत नाही. पृष्ठभागाला समांतर, पाण्यावर पडलेल्या काडीसारखी आडवी असते. पण ही ओळख प्रजातीपुरतीच. मेरस आणि मेलास यांचे प्रौढ डास गोड्या पाण्यात वाढणाऱ्या ॲनोफिलीस गॅम्बिईसारखेच दिसतात. ते वेगवेगळ्या जातींचे आहेत हे संकराच्या प्रयोगांत नर संतती वांझ निघाली तेव्हा स्पष्ट झाले, आणि आज त्यांची निश्चित ओळख डीएनए चाचणीनेच पटते. भारतात सर्वत्र आढळणारा ॲनोफिलीस सबपिक्टस हाही असाच एका नावाखालचा समूह आहे. देशाच्या अंतर्भागात त्याला सहसा कोणी वाहक मानत नाही; आग्नेय किनाऱ्यावर मात्र मचूळ पाण्यात वाढणारी त्याची एक जात हिवताप पसरवताना सापडली आहे. दोघांना एकच समजून केलेली मोजणी काय सांगणार?

जात ओळखली तरी तिच्या सवयी कायम राहतील याची खात्री नसते. सॉलोमन बेटांच्या किनाऱ्यावरील ॲनोफिलीस फराउटी पूर्वी रात्री उशिरा घरात शिरूनही चावत असे. घरांच्या भिंतींवर डीडीटीची फवारणी झाल्यावर ही जात संध्याकाळी लवकर आणि घराबाहेर चावू लागली, जिथे ना फवारलेली भिंत असते ना मच्छरदाणी.

आणि किनाऱ्यावरचा प्रत्येक वाहक मिठाशी जोडलेला असतो असेही नाही. मूळचा दक्षिण आशिया आणि आखाती प्रदेशातला ॲनोफिलीस स्टीफेन्सी २०१२ मध्ये आफ्रिकेतील जिबूती देशाच्या त्याच नावाच्या बंदराच्या शहरात आढळला. तो वाढतो पाण्याच्या टाक्यांत, हौदांत, बांधकामावर साठवलेल्या पाण्यात. त्या वर्षी जिबूती देशात हिवतापाचे २७ रुग्ण नोंदले गेले होते. २०२० मध्ये ही संख्या ७३ हजारांच्या पुढे गेली. या वाढीत स्टीफेन्सीचा मोठा वाटा असल्याचे मानले जाते, आणि त्याच्या अळ्या शोधायला खाजणात नव्हे, तर शिडी लावून गच्चीवर चढावे लागते.