लोणची व मिठाईची इंग्लिश पोर्सिलेन पात्रे

अठराव्या शतकात इंग्लंडमधील श्रीमंत घरांच्या मेजावर लोणची, पाकात मुरवलेली फळे, साखरेत घोळवलेले बदाम असे पदार्थ वाढण्यासाठी घडवलेली लहान पात्रे. लंडनचे चेल्सी व बो, तसेच डार्बी आणि वूस्टर ही त्यांची मुख्य केंद्रे. पान आणि शिंपला हे कारागिरांचे लाडके आकार.

व्हिनेगर व मिठाने चांदी डागाळते, झिलई दिलेल्या पोर्सिलेनला मात्र आंबटाची बाधा होत नाही. इंग्रजी कारखान्यांची सुरुवातीची माती मृदू होती, चिनी पोर्सिलेनसारखी कठीण नव्हे. बोच्या मिश्रणात हाडांची राख असे, तर वूस्टरच्या (स्थापना १७५१) मिश्रणात कॉर्नवॉलचे शंखजिरे. मोठी भांडी भट्टीत वाकत, तळहातावर मावणारी पात्रे सहीसलामत निघत. चिनी धर्तीच्या कठीण पोर्सिलेनचे पेटंट विल्यम कुकवर्दी यांनी १७६८ मध्ये घेतले. प्लिमथच्या त्यांच्या कारखान्यातही शिंपल्यांची पात्रे झाली.

लोणच्याचे पान जेमतेम आठ-दहा सेंटिमीटरचे. माती साच्यात दाबून ते घडवीत. काठ दातेरी, शिरा उठावदार आणि वर झिलईखाली कोबाल्टची निळी फुले. वूस्टरच्या एका मिठाईपात्रावर गुलाबाची पाने व कळ्या इतक्या उठावाने घडवल्या आहेत की डोळे मिटूनही बोटांना कळाव्यात. वळलेली डहाळी हीच त्याची मूठ. या नक्षीला ‘ब्लाइंड अर्ल’ (आंधळा उमराव) म्हणतात. दृष्टी गेलेल्या कव्हेंट्रीच्या अर्लसाठी ती बनवली, अशी आख्यायिका आहे. पण त्यांची दृष्टी गेली १७८० मध्ये आणि नक्षी १७५० च्या दशकातली. नाव मागाहून चिकटले, हे उघड आहे.

सर्वांत देखणे पात्र म्हणजे शिंपल्यांचे स्टँड. पोवळी व शंखशिंपल्यांच्या ढिगाऱ्यावर तीन पसरट शिंपले आणि मधोमध उंचावर एक वाटी. फिलाडेल्फियातही १७७० ते १७७२ या काळात बॉनिन व मॉरिस यांच्या कारखान्याने अशी स्टँड काढली.

या पात्रांत वाढल्या जाणाऱ्या लोणच्यांचा एक धागा आपल्याकडे येतो. भारतातून जाणारे कैरीचे लोणचे इंग्रजांना इतके आवडले, की तिथल्या स्वयंपाकिणी काकड्या व कच्ची खरबुजे पोखरून त्यांत लसूण, मोहरी, आले भरीत आणि व्हिनेगरमध्ये मुरवीत. आंब्याची फोडही नसलेल्या त्या लोणच्याला त्या ‘मँगो’च म्हणत.