आंब्याची पेटी आणि आकड्यांची पेटी

एखाद्या बागायतदाराने हापूसच्या एका कलमावरची ११ फळे काढली, एकेक करून काट्यावर ठेवली आणि त्यांची वजने ग्रॅममध्ये चढत्या क्रमाने लिहिली, असे समजू: १८०, २१०, २२५, २३५, २४०, २५०, २५५, २६०, २७०, २८० आणि ४१०. हे आकडे उदाहरणापुरते कल्पिलेले आहेत. त्यांची सरासरी सुमारे २५६ ग्रॅम येते, आणि तरीही ११ पैकी ७ फळे या सरासरीपेक्षा हलकी आहेत, कारण ४१० ग्रॅमच्या एकट्या फळाने ती वर ओढली आहे. ते वजन वहीत चुकून ४१०० असे लिहिले गेले, तर सरासरी थेट ५९१ वर जाईल. मधल्या, म्हणजे सहाव्या, फळाचे वजन मात्र २५०च राहील. या मधल्या मूल्याला मध्यक म्हणतात.

बॉक्स प्लॉट, म्हणजे आकड्यांची पेटी, मध्यकाभोवतीच बांधलेली असते. मध्यकाच्या खालच्या पाच फळांतले मधले वजन २२५ आहे आणि वरच्या पाचांतले २७०. ही झाली पहिले आणि तिसरे चतुर्थक. उभ्या मोजपट्टीवर २२५ पासून २७० पर्यंत एक चौकट काढायची आणि तिच्या आत २५० पाशी आडवी रेघ मारायची. मोठ्या संख्येने मोजमापे घेतली, तर साधारण निम्मी या चौकटीत बसतात. चौकटीची उंची, इथे ४५ ग्रॅम, हे आकड्यांच्या विखुरलेपणाचे माप होय.

चौकटीच्या वरखाली ज्या रेघा निघतात त्यांना मिशा म्हणू. त्या कुठवर न्यायच्या याचा रूढ नियम अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांचा आहे; १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकामुळे ही आकृती सर्वत्र पोहोचली, जरी तिच्याशी मिळतीजुळती पट्टी मेरी एलिनॉर स्पिअर यांनी १९५२ मध्येच मांडली होती. चौकटीच्या उंचीच्या दीडपट अंतर दोन्ही बाजूंना मोजले की कुंपण तयार होते: खाली १५७.५ आणि वर ३३७.५. मिशा कुंपणापर्यंत न्यायच्या नसतात, तर कुंपणाच्या आतल्या शेवटच्या प्रत्यक्ष मोजमापापर्यंत, म्हणजे १८० आणि २८० पर्यंत. कुंपणाबाहेरचे ४१० हे वजन सुट्या ठिपक्याने दाखवतात.

काही संगणकीय पद्धती मध्यक दोन्ही भागांत धरतात आणि मग याच फळांची चतुर्थके २३० आणि २६५ अशी येतात. दोन आज्ञावल्यांच्या पेट्या जुळल्या नाहीत, तर म्हणून लगेच कोणाची चूक शोधू नये.

सुटा ठिपका दिसला की तो खोडण्याचा मोह होतो. माझ्या मते या आकृतीचा सर्वांत मोठा गैरवापर तोच. ठिपका म्हणजे विचारलेला प्रश्न आहे: काटा बिघडला, वहीत चूक झाली, की फळ खरोखरच एवढे मोठे होते? शिवाय घंटेच्या आकाराच्या, म्हणजे मधोमध दाटी आणि दोन्ही टोकांना सारखीच विरळ होत जाणाऱ्या, निर्दोष वितरणातही हजारात सुमारे ७ मोजमापे कुंपणाबाहेर पडतातच. कोकणच्या पावसाला तर हे कुंपण मुळातच तोकडे पडते. रोजच्या पावसाच्या नोंदींत थोड्या पावसाचे दिवस पुष्कळ आणि झोडपून काढणारे मोजके असतात. त्यामुळे वरची मिशी लांबते आणि तिच्याही वर ठिपक्यांची रांग लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत नोंदलेला ९४४ मिलिमीटर पाऊस पेटीच्या कितीतरी वर जाईल, आणि तो पूर्णपणे खरा होता.

पेटीचा खरा उपयोग तुलनेत आहे. खाडीकाठची, कातळावरची आणि डोंगरउतारावरची अशा तीन बागांतल्या फळांच्या पेट्या एकाच मोजपट्टीवर शेजारी काढल्या, तर कोणत्या बागेचा मध्यक वर आहे आणि कोणत्या बागेची फळे एकसारखी आहेत, हे एका नजरेत कळते. प्रतवारी करणाऱ्याला सरासरीपेक्षा दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटेल, कारण चौकट जितकी आखूड तितकी निवड सोपी.

मात्र पेटी एक गोष्ट झाकते. हापूसला पुनर्मोहोर आला, तर एकाच कलमावर आधीच्या मोहोराची मोठी फळे आणि नंतरची लहान फळे एकत्र दिसू शकतात. वजनांचे असे दोन वेगळे गट असतानाही चौकट एकच निघते आणि मध्यकाची रेघ नेमकी अशा जागी पडू शकते, जिथे प्रत्यक्षात जवळजवळ एकही फळ नाही. म्हणून फळे थोडी असतील, तेव्हा प्रत्येक वजनाचा ठिपका पेटीवरच मांडावा. दोन पुंजके असतील तर ते लगेच दिसतात, आणि मग दोन मोहोरांच्या फळांसाठी दोन वेगळ्या पेट्या काढता येतात.