कुत्र्याच्या छातीतला आवाज: कानापासून आलेखापर्यंत

उतारवयातल्या लहान चणीच्या कुत्र्याच्या छातीला डावीकडून स्टेथोस्कोप लावला, तर ‘लब’ आणि ‘डब’ यांच्या मधली शांतता पुष्कळदा उरलेली नसते. तिथे फुस्स असा आवाज भरलेला असतो. हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली मायट्रल झडप जाड, गाठाळ होते, नीट मिटेनाशी होते, आणि हृदय आकुंचन पावताना थोडं रक्त उलट दिशेनं उसळतं. त्या उसळीचा आवाज म्हणजे मर्मर. कुत्र्यांच्या हृदयविकारांपैकी सुमारे ७५ टक्के या एकाच दुखण्याचे. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल ही जात तर त्यासाठी बदनामच आहे.

लेनेक या फ्रेंच डॉक्टरनं १८१६ मध्ये कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली, तिथून ऐकणं सुरू झालं. पण ऐकलेलं दुसऱ्याला सांगायचं कसं? १९३३ मध्ये अमेरिकेत सॅम्युअल लेव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं मर्मराच्या सहा पायऱ्या मांडल्या. पशुवैद्यांनीही त्या उचलल्या. पहिल्या पायरीचा मर्मर शांत खोलीत, बराच वेळ कान लावल्यावरच सापडतो. सहाव्या पायरीचा तर स्टेथोस्कोप छातीपासून जरा उचलला तरी ऐकू येतो. मधल्या पायऱ्यांवर मात्र दोन अनुभवी माणसांचंही एकमत होत नाही. त्यात कुत्रा धापा टाकतो, थरथरतो, केस स्टेथोस्कोपच्या चकतीवर घासतात.

आवाज कागदावर उतरवण्याची खटपट त्याहून जुनी. नेदरलँड्समधल्या लायडनच्या आइंथोव्हेन या शरीरक्रियाशास्त्रज्ञानं १८९४ मध्येच हृदयध्वनींची नोंद घेतली होती. पुढे फोनोकार्डिओग्राफी, म्हणजे हृदयाचे आवाज आलेखावर उतरवणं, हे स्वतंत्र तंत्रच झालं. १९६० च्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डेव्हिड डेटवायलर यांनी कुत्र्यांच्या हृदयविकारांची पद्धतशीर पाहणी केली आणि झडपेच्या दुखण्याचा पसारा दिसू लागला. पण मग इकोकार्डिओग्राफी, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आली. झडप डोळ्यांनी दिसू लागल्यावर तिचा आवाज कोण मोजत बसणार? फोनोकार्डिओग्राफ अडगळीत गेले.

ते तंत्र पुन्हा वर आलं ते बरंचसं स्वीडनमधल्या संशोधकांमुळे. १९९५ मध्ये त्यांनी कॅव्हेलियर कुत्र्यांवरच्या अभ्यासात दाखवलं की दुखणं वाढतं तसा मर्मरही चढतो. माणसात हे नातं इतकं सरळ नसतं. कुत्र्यात ते बऱ्यापैकी टिकतं, आणि माझ्या मते या विषयाची खरी कळ इथेच आहे. २००९ मध्ये संगणकानं मर्मराची ऊर्जा आणि आवाजाची गुंतागुंत मोजून गळतीची तीव्रता ताडण्याचा प्रयत्न झाला.

२०१६ मध्ये ३६० कुत्र्यांवरच्या एपिक नावाच्या औषध-चाचणीचे निष्कर्ष आले. लक्षणं दिसण्यापूर्वीच पिमोबेंडन हे हृदयाचं औषध दिलं, तर हृदय निकामी होणं सुमारे १५ महिने लांबतं. औषध कोणाला द्यायचं, हे ठरवताना मर्मर किमान तिसऱ्या पायरीचा हवा, अशी अट होती. सोबत हृदय फुगलेलं असणंही. म्हणजे ज्या पायऱ्यांवर कानांचं एकमत होत नाही, त्यांच्यावरच आता उपचार अडले!

केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेलं अल्गोरिदम आधी माणसांच्या हृदयध्वनींवर शिकवलेलं होतं, मग कुत्र्यांसाठी घडवलं. मर्मर ओळखण्यात त्याची संवेदनशीलता सुमारे ९० टक्के निघाली, म्हणजे मर्मर असलेल्या दहांपैकी नऊ कुत्र्यांत त्यानं तो पकडला. हृदय किती फुगलंय, ते पाहायला इको किंवा एक्स-रे अजून लागतोच.